बारा मिनिटांची जाहिरात आणि रात्रीचा श्रोता : केळीपट्ट्यातील एका समुदाय रेडिओचे प्रकरण

रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात एका शिक्षण संस्थेच्या आवारात चालणाऱ्या समुदाय रेडिओ केंद्रापुढे, केंद्र सुरू होऊन तीन वर्षे उलटल्यावर, एक प्रस्ताव आला. बाहेरच्या शहरातील एक निर्मिती कंपनी रोज सहा तासांचे तयार कार्यक्रम फुकट देणार होती. त्यात हिंदी चित्रपटगीते, राशिभविष्य, फोनवरून केलेली थट्टामस्करी आणि एक लोकप्रिय म्हणवणारा निवेदक असा सगळा ऐवज होता. त्या सहा तासांतील जाहिराती कंपनीच स्थानिक दुकानदारांकडून गोळा करणार होती आणि केंद्राला दरमहा ठरावीक रक्कम देणार होती. केंद्राचे प्रक्षेपण बारा तासांचे असल्यामुळे निम्मे कार्यक्रम स्थानिक निर्मितीचे असावेत ही परवानगीची अटही कागदोपत्री पाळली जात होती. संस्थेच्या कार्यकारी मंडळाला प्रस्ताव पसंत पडला. केंद्राच्या कार्यक्रम प्रमुख असलेल्या प्राध्यापक बाईंनी मात्र तीन महिन्यांची मुदत मागून घेतली, आणि त्या तीन महिन्यांत जे घडले ते या प्रकरणाचा विषय आहे.

हे प्रकरण अध्यापनासाठी रचलेले आहे. केंद्र, संस्था आणि त्यातील माणसे कोणा एका खऱ्या ठिकाणची नाहीत. नियम, दर, रेडिओचा इतिहास, पिकाची आणि विजेची परिस्थिती मात्र जशी आहे तशीच घेतली आहे.

मंडळाचा कल समजून घ्यायचा तर आधी हिशेब पाहावा लागतो. समुदाय रेडिओचा ट्रान्समीटर लहान असतो. प्रभावी प्रक्षेपण शक्ती १०० वॅट आणि मनोऱ्याची उंची साधारणपणे ३० मीटर या मर्यादांत सपाट प्रदेशातही दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडे आवाज स्वच्छ पोहोचत नाही. या केंद्राच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे आणि दक्षिणेला जमीन तापीकडे उतरत जाते, त्यामुळे काही गावांत रेडिओ खणखणीत लागतो, तर डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर नुसती खरखर ऐकू येते. मध्यम लहरींवरून अवघ्या खानदेशात ऐकू जाणाऱ्या आकाशवाणीच्या जळगाव केंद्राशी किंवा जळगाव शहरातील खासगी एफएम वाहिन्यांशी पल्ल्याच्या बाबतीत स्पर्धा करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

उत्पन्नाची बाजूही अशीच मर्यादित आहे. २००६ साली नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने समुदाय रेडिओ शैक्षणिक संस्थांपलीकडे स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही खुला केला, तेव्हा जाहिरातीसाठी तासाला पाच मिनिटे दिली होती. पुढे ती सात झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत बारा झाली. त्याच वेळी सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये करण्यात आला. बारा मिनिटांत दहा सेकंदांचे ७२ तुकडे बसतात, म्हणजे एका तासाची कमाल कमाई ५,३२८ रुपये होते. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहिला गेला, त्याला बाराने आणि मग तीसाने गुणले गेले, आणि एवढी रक्कम येऊ शकते तर येत का नाही, असा प्रश्न कार्यक्रम प्रमुखांना विचारण्यात आला. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा प्रश्नच चुकीचा होता. ७४ रुपयांचा दर सरकारी जाहिरातींचा आहे, त्या जाहिराती मोहिमेच्या वेळी येतात आणि मोहीम संपली की थांबतात. उरलेली मिनिटे स्थानिक दुकानदारांना विकायची असतात आणि दुकानदाराला दहा सेकंद विकत घ्यायचे नसतात, त्याला गिऱ्हाईक हवे असते. रिकामी मिनिटे म्हणजे बुडालेले उत्पन्न असे समजणे हे, रिकाम्या शेताला उभ्या पिकाचा भाव लावण्यासारखे आहे.

ही चूक लहान केंद्रेच करतात असे नाही. या देशातील खासगी एफएमचा आरंभच अशा चुकीने झाला. १९९९-२००० साली पहिल्या टप्प्याचे लिलाव झाले, त्यात ४० शहरांतील १०८ वाहिन्या विक्रीला होत्या. बोली लावणाऱ्यांनी ठरावीक वार्षिक परवाना शुल्क कबूल केले आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होते. जाहिरातीचे उत्पन्न त्या वेगाने वाढेल याला आधार नव्हता. परिणाम असा झाला की त्या १०८ पैकी जेमतेम वीस-बावीस वाहिन्या प्रत्यक्षात चालू झाल्या. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात सरकारने एकदाच भरायचे प्रवेश शुल्क आणि पुढे मुख्यतः उत्पन्नाच्या चार टक्क्यांचा वाटा अशी रचना केली, तेव्हा ९१ शहरांतील ३३८ वाहिन्यांचा लिलाव काढता आला आणि जळगावसारखी शहरे खासगी रेडिओच्या नकाशावर आली. शुल्क किती आहे यापेक्षा ते उत्पन्नाबरोबर खाली-वर होते की नाही, याने या उद्योगाचे नशीब बदलले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी देतानाही चार टक्क्यांचे तत्त्व कायम ठेवले गेले.

कार्यक्रम प्रमुखांनी हा इतिहास मंडळापुढे मांडला, पण तो आपल्या केंद्राच्या खर्चाला लावून. केंद्राचे दोन पगारी कर्मचारी, विजेचे बिल आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या हा खर्च श्रोता असो वा नसो होतोच. कंपनीचा प्रस्ताव हा खर्च भरून काढत होता हे खरे, पण त्याच्या मोबदल्यात तो दिवसाचे निम्मे तास आणि परिसरातील झाडून सगळे जाहिरातदार घेऊन जात होता. सावदा-फैजपूरच्या बाजारपेठेतील कृषी सेवा केंद्रे, ठिबकचे विक्रेते, टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या) रोपांच्या रोपवाटिका, खासगी शिकवण्या आणि सोन्याची दुकाने ही जी काही पंधरा-वीस नावे आहेत ती एकदा कंपनीच्या वहीत गेली की करार संपल्यावर परत येतील याची हमी नव्हती. ठरावीक खर्चाची चिंता मिटवताना उत्पन्नाचे मूळच दुसऱ्याच्या हाती देणे हा सौदा स्वस्त नव्हता.

मागून घेतलेल्या तीन महिन्यांत पहिले काम त्यांनी केले ते श्रोत्यांचा दिवस समजून घेण्याचे. रेडिओ उद्योगाकडे श्रोते मोजण्याची जी शास्त्रीय पद्धत होती ती मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळुरू या चार महानगरांपुरती होती. तालुक्याच्या गावासाठी असा कोणताही आकडा कधीच उपलब्ध नव्हता, आणि बहुतेक लहान केंद्रे ‘लोक ऐकतात’ एवढ्या समजुतीवर चालतात. बाईंनी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन पाठवले नाही. त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या घरातील आणि शेजारच्या दोन घरांतील माणसे कोणत्या वेळी कुठे असतात आणि त्या वेळी त्यांचे हात व कान मोकळे असतात का, एवढेच लिहून आणायला सांगितले.

जे समोर आले ते अनपेक्षित होते. केंद्राचा शेतीविषयक कार्यक्रम सायंकाळी साडेसहाला लागत असे, कारण आकाशवाणीवर शेतीचे कार्यक्रम सायंकाळी ऐकण्याची पिढ्यानपिढ्यांची सवय आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात साडेसहाला शेतकरी बाजारात, दूध डेअरीवर किंवा पारावर असे. तो एकटा, रिकामा आणि ऐकायला तयार असे तो रात्री, मळ्यात. कृषिपंपांना थ्री फेज वीज आलटून पालटून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायला, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला, फिल्टर धुवायला माणसाला शेतात जावेच लागते. स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाइट येताच मोटार आपोआप चालू करणारे साधन, बसवलेला असला तरी लाइट मध्येच गेली, पाणी उपसून मोटार कोरडी चालली किंवा कुठे नळी निसटली तर काय, या धास्तीने तो जातोच. एका विद्यार्थ्याने आपल्या काकांचे वर्णन लिहून आणले होते. काकांचा साधा बटणांचा मोबाइल केळीच्या पानाच्या देठाला सुतळीने टांगलेला असतो आणि त्यात इअरफोनची वायर खुपसलेली असते. ती कानात मात्र नसते, कारण मोबाइलमधील रेडिओला ती वायरच अँटेना म्हणून लागते. आवाज बाहेरच्या स्पीकरवर लावून काका एका ओळीचे व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्या ओळीचे उघडतात.

केंद्राचे प्रक्षेपण रात्री आठला बंद होत असे.

येथे नावीन्य काय करायचे हे उघड होते आणि त्याला पैसाही फारसा लागणार नव्हता. बाईंनी शेतीचा कार्यक्रम घड्याळाच्या वेळेवरून काढून विजेच्या वेळापत्रकाला बांधला. परिसरातील कृषी वाहिन्यांचे, म्हणजे कृषिपंपांना वीज नेणाऱ्या तारांचे, आठवड्याचे वेळापत्रक वीज उपकेंद्रातून मिळते. ज्या रात्री ज्या गावांची पाळी, त्या रात्री दहानंतर दोन तास त्या गावांसाठी कार्यक्रम, अशी रचना झाली. दुपारचे दोन तास बंद करून बारा तासांचा हिशेब जुळवला. रात्री केंद्रावर माणूस ठेवण्याची अडचण होती. म्हणून कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित करून संगणकावर लावून ठेवायचे आणि केवळ सुरुवातीची दहा मिनिटे निवेदकाने थेट बोलायची, ज्यात त्या दिवशीचा केळीचा जाहीर भाव, हवामानाचा अंदाज आणि वीजपुरवठ्यात झालेला बदल असेल, असे ठरले. लाइट किती वाजता येणार हे रेडिओवर कळते म्हटल्यावर श्रोता आपोआप बांधला गेला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता.

दुसरे काम पुण्याच्या एका जुन्या प्रयोगावरून सुचले. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत साधारण वीस-वीस जणांची मंडळे तयार केली गेली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम दहा आठवड्यांत झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची, आणि प्रश्न व निर्णय लिहून निमंत्रकाने पुण्याला पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याचे मूल्यमापन केले, आणि त्यासाठी केवळ मंडळे असलेली गावे न पाहता, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशी गावेही तुलनेला घेतली. मंडळांच्या गावांत शेतीविषयक माहिती लक्षणीय वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ही वाढ फारच थोडी होती. ज्यांना रेडिओ म्हणजे माहितीचे एकतर्फी प्रक्षेपण वाटते त्यांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. पुढे ही कल्पना देशभर नेली गेली तेव्हा मंडळांची संख्या वाढली आणि प्रश्नांना उत्तरे देण्याची व्यवस्था मागे पडली, त्याबरोबर मंडळेही ओसरली. खानदेशातील जिल्हे त्या पहिल्या प्रयोगात नव्हते, पण मराठीतून झालेला तो प्रयोग येथे पुन्हा करून पाहण्यात काहीच अडचण नव्हती.

बाईंनी तीन गावांत अशी मंडळे केली. एकत्र बसून ऐकणे रात्रीच्या श्रोत्याला शक्य नव्हते, म्हणून बसण्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घातल्यानंतरची ठरली आणि निमंत्रकाने आलेले प्रश्न मोबाइलवर बोलून केंद्राला पाठवायचे असे ठरले. लिहिण्याची सक्ती काढून टाकल्यामुळे बायका आणि वयस्कर माणसेही बोलू लागली. पहिला विषय घेतला तो त्या पावसाळ्यात सर्वांच्या तोंडी असलेला, केळीवरील सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, ज्याला या भागात हरण्या म्हणतात.

या रोगाची माहिती शेतकऱ्याला नाही असे समजून कार्यक्रम आखला गेला होता. ढगाळ, सततच्या पावसाळी हवेत तो बळावतो, मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचे तण त्याला आसरा देतात, कोवळ्या टिश्यू कल्चर रोपांना तो लवकर गाठतो. विषाणू मारणारे औषध नाही, त्यामुळे पाने पिवळी पट्टेरी पडलेली रोपे तातडीने उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणे हाच उपाय. हे सगळे जळगावच्या केळी संशोधन केंद्राने आणि पाल येथील कृषी विज्ञान केंद्राने वारंवार सांगितलेले आहे, आणि मंडळांतील बहुतेकांना ते तोंडपाठ होते. तरीही रोपे उपटली जात नव्हती. निमंत्रकांनी पाठवलेल्या आवाजांत त्याचे कारण दुसऱ्याच दिवशी आले. मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या बागेत, हरण्या लागलेल्या एका शेतकऱ्याने विचारले होते, की मी झाडे उपटून फेकली तर तलाठीभाऊ उद्या पंचनामा कशाचा करणार? नुकसानभरपाई मिळेल की नाही हे अनिश्चित असले तरी मिळालीच तर ती पंचनाम्यावर मिळणार, आणि पंचनाम्याला रोगट झाड उभे असायला हवे, असा हा साधा विचार होता. शेजाऱ्याची बाग त्यामुळे धोक्यात येते हे त्याला कळत होते. पण शेजारीही तोच विचार करत होता.

तज्ज्ञाच्या भाषणाने हा पेच सुटणारा नव्हता, कारण तो ज्ञानाचा नव्हता. केंद्राने पुढच्या कार्यक्रमात कृषी विभागाचा आणि महसूल विभागाचा माणूस एकाच वेळी समोरासमोर बसवला आणि मंडळातील प्रश्न त्यांच्याच आवाजात ऐकवले. उपटण्यापूर्वी कोणती छायाचित्रे काढावीत, अर्ज कोणाकडे आणि कधी द्यावा, गट नंबर कसा दाखवावा यावर दोघांनी आपापले म्हणणे मांडले. एका मुद्द्यावर त्यांचे एकमत झाले नाही, तेही तसेच प्रक्षेपित झाले. तो मतभेद कापून टाकावा असा सल्ला संस्थेतून आला होता. बाईंनी तो ऐकला नाही, कारण कार्यालयांत एकमत नाही ही गोष्ट शेतकऱ्याला आधीच माहीत होती आणि ती झाकणाऱ्या केंद्रावर त्याने पुढे विश्वास ठेवला नसता.

याच कार्यक्रमाने जाहिरातीचा प्रश्न उभा केला. रात्रीच्या कार्यक्रमाची चर्चा वाढल्यावर एका कृषी सेवा केंद्राच्या मालकाने त्या दोन तासांतील बहुतेक जाहिरातीची वेळ एकरकमी घेण्याची तयारी दाखवली. त्याच्या जाहिरातीत एका फवारणी औषधाचे नाव घेऊन ‘हरण्यावर खात्रीचा इलाज’ असे शब्द होते. माव्याचा बंदोबस्त करणारे कीटकनाशक उपयोगी आहे. विषाणूवर खात्रीचा इलाज मात्र नाही, हे आदल्याच रात्री त्याच लहरींवरून सांगितले गेले होते. परवानगीच्या नियमांनुसार समुदाय रेडिओला स्थानिक व्यवसायांच्या जाहिराती चालतात आणि खासगी प्रायोजित कार्यक्रम चालत नाहीत, पण कार्यक्रमाला खेटून लावलेली जाहिरात श्रोत्याला प्रायोजित कार्यक्रमासारखीच वाटते. केंद्राने दोन नियम करून घेतले. कार्यक्रमात ज्या विषयावर सल्ला दिला जातो त्या विषयाच्या मालाची जाहिरात त्या कार्यक्रमाच्या आगेमागे अर्ध्या तासात लागणार नाही, आणि जाहिरातीतील दावा केंद्र वाचून पाहील. दुकानदार रागावला, जाहिरात मागे घेतली, आणि कार्यकारी मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे नुकसान कोणी भरायचे असे विचारण्यात आले.

केळीच्या भावाचेही असेच झाले, किंबहुना ते अधिक नाजूक होते. या पट्ट्यात बऱ्हाणपूरचे आणि रावेरचे जाहीर भाव पाहून सौदे होतात. नवती (नवी लागवड), पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांपासून घेतलेले पीक) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांचे भाव वेगवेगळे असतात. प्रत्यक्ष कापणीच्या वेळी व्यापारी जाहीर भावापेक्षा कमी देतो ही इथली जुनी तक्रार आहे. रेडिओवर रोज भाव वाचला जाऊ लागल्यावर मंडळांतून मागणी आली, की प्रत्यक्ष मिळालेला भावही सांगा. केंद्राने सुरुवातीला नाही म्हटले. शेतकऱ्याने सांगितलेला भाव खरा कशावरून, आणि व्यापारी संघटनेने आक्षेप घेतला तर संस्थेची बाजू कोण घेणार? शेवटी मधला मार्ग निघाला. कोणाचेही नाव न घेता, किमान पाच शेतकऱ्यांनी काटापट्टी, म्हणजे मालाच्या वजनाची व भावाची पावती, दाखवलेल्या गावांतील कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाव आठवड्यातून एकदा सांगायचा. काटापट्टी तपासायचे काम विद्यार्थ्यांकडे गेले. हे काम कंटाळवाणे आहे आणि परीक्षेच्या दिवसांत ते हमखास बंद पडते.

उत्पन्नाची बाजू या तीन महिन्यांत फळ्यावरील आकड्याच्या जवळपासही गेली नाही. पण तिचा स्वभाव बदलला. दहा सेकंदांच्या तुकड्यांऐवजी केंद्राने दुकानदारांना हंगाम विकायला सुरुवात केली. ठिबकच्या विक्रेत्याला मृगबागेच्या लागवडीआधीचे सहा आठवडे, रोपवाटिकेला कांदेबागेच्या तोंडावरचे चार आठवडे, शिकवणीवाल्यांना निकालानंतरचा महिना, आणि त्या काळात जाहिरात किती वेळा लागेल ते दोघांनी मिळून ठरवायचे. दुकानदाराने आपल्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ‘कुठून कळले’ एवढे विचारून महिन्याअखेर सांगायचे, ही त्यातली अट होती. श्रोते मोजण्याचे साधन नसलेल्या केंद्राला यापेक्षा स्वस्त मोजमाप मिळाले नसते.

दुसरे मोजमाप मिस कॉलचे होते. मिस कॉल ही गरिबाची सोय उद्योगात कशी वापरता येते याचे मोठे उदाहरण २०१३ साली हिंदुस्थान युनिलिव्हरने बिहार-झारखंडात दाखवले होते. जिथे विजेअभावी दूरचित्रवाणी नीट पोहोचत नव्हती तिथे लोकांनी एका क्रमांकावर मिस कॉल द्यायचा, मग त्यांना उलट फोन येऊन पंधरा मिनिटे गाणी आणि विनोद ऐकायला मिळत आणि मधूनमधून कंपनीच्या मालाच्या जाहिराती लागत. ‘कान खजूरा तेसन’ नावाने हा मोबाइलवरचा रेडिओ गाजला. लहान केंद्राला उलट फोन करण्याचा खर्च झेपणार नाही, म्हणून येथे मिस कॉलचा उपयोग उलट दिशेने केला गेला. रात्रीच्या कार्यक्रमात एक प्रश्न विचारायचा, उत्तर होकारार्थी असेल तर एका क्रमांकावर आणि नकारार्थी असेल तर दुसऱ्यावर मिस कॉल द्यायचा. कोणत्या रात्री कोणत्या वेळी किती कॉल आले याची नोंद आपोआप होत गेली आणि कोणते विषय मध्यरात्रीपर्यंत माणसाला धरून ठेवतात ते दिसू लागले. पीकविमा आणि विजेचे बिल हे विषय पुढे होते, शेतीतील यशोगाथा फार मागे होत्या.

भाषेच्या बाबतीत केंद्राने आधीच एक गफलत करून ठेवली होती. खानदेशचा रेडिओ म्हणजे अहिराणी, असे मानून सुरुवातीला विनोदी प्रहसने अहिराणीतून केली गेली. अमळनेर-पारोळा-चाळीसगावकडे किंवा धुळ्याकडे ती डोक्यावर घेतली गेली असती. पण रावेर-यावलच्या गावांत घरोघर लेवा गणबोली बोलली जाते, तेथे ती पाहुण्यासारखी वाटली. दहा-बारा किलोमीटरच्या पल्ल्याचा रेडिओ अख्ख्या प्रदेशाची भाषा बोलू गेला तर शेजारच्या घराची बोली त्याच्या हातून निसटते. लेवा गणबोलीतील निवेदन सुरू झाले आणि मंडळांतील बायकांचे आवाज वाढले. मात्र या गावांत केळीचे घड कापणारे, वाहून ट्रकमध्ये भरणारे मजूर बहुतांशी सातपुड्याच्या बाजूचे पावरा आणि तडवी आदिवासी आहेत. त्यांच्यासाठी केंद्रावर एकही कार्यक्रम नव्हता. मिस कॉलच्या नोंदी पाहताना असे लक्षात आले, की पहाटेच्या गाण्यांना येणारे बरेच कॉल याच मजुरांच्या वस्तीतून येतात, आणि तिथली तरुण मुले गाडी भरायला निघण्यापूर्वी रेडिओ लावतात. जाहिरातदाराच्या दृष्टीने हा श्रोता मोलाचा नाही. परवानगी मात्र समुदायासाठी दिलेली आहे, आणि प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. बाईंनी आठवड्यातून दोन पहाटे पावरी बोलीतील गाणी आणि मजुरीच्या दरांची, रेशनची, दवाखान्याची माहिती असा अर्धा तास सुरू केला. तो करायला त्याच वस्तीतील एक महाविद्यालयीन मुलगी तयार झाली, आणि तिला मानधन द्यायचे की नाही यावर कार्यकारी मंडळात दोन बैठका खर्ची पडल्या.

तीन महिन्यांनंतरच्या बैठकीत कंपनीचा प्रस्ताव पुन्हा चर्चेला आला. बाईंनी तो सरसकट नाकारावा असे म्हटले नाही, याचे काही सदस्यांना आश्चर्य वाटले. त्यांची मांडणी अशी होती, की दुपारी आणि संध्याकाळी गाणी हवीत, ती बनवायला आपल्याकडे माणसे नाहीत, तेव्हा रोज तीन तास कंपनीचे कार्यक्रम घ्यावेत; परंतु जाहिराती गोळा करण्याचा हक्क केंद्राकडेच राहावा, कंपनीकडून ठरावीक रक्कम न घेता तिला त्या तीन तासांच्या उत्पन्नाचा वाटा द्यावा, आणि रात्र व पहाट कोणत्याही परिस्थितीत विकू नये. कंपनीने वाट्याची अट मान्य केली नाही. तिचा धंदा ठरावीक रकमेवर आधारलेला होता, आणि त्यात तिचेही चूक नव्हते. कार्यकारी मंडळाने एका मताच्या फरकाने प्रस्ताव फेटाळला. खर्चातील तूट भरून काढायला संस्थेने वर्षभर मदत करावी आणि त्यानंतर पुन्हा हिशेब पाहावा असे ठरले.

हा निर्णय बरोबर होता की नाही, याचा निकाल एवढ्यात लागणारा नाही, कारण ज्या पायावर तो उभा आहे तोच सरकतो आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत राज्यातील कृषी वाहिन्या सौरऊर्जेवर आणून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे. ज्या गावांची वाहिनी सौर होईल तिथला शेतकरी रात्री मळ्यात जाणार नाही, आणि जाऊही नये. अंधारात साप-विंचवाच्या भीतीने पाणी भरण्याची पाळी संपावी हीच सगळ्यांची मागणी राहिली आहे. त्या गावांसाठी रात्री दहाचा कार्यक्रम निरर्थक ठरेल. दुसरीकडे इअरफोनचे भोक नसलेले आणि रेडिओच नसलेले स्मार्टफोन घरोघर येत आहेत. मोबाइलमध्ये एफएम चालू ठेवावा असे केंद्र सरकारने २०२३ साली उत्पादकांना सांगितले, पण बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक फोनला ते लागू झालेले दिसत नाही. बाईंनी यावर काढलेला तोडगा असा आहे, की वेळापत्रक दर तीन महिन्यांनी नव्याने करायचे, त्याआधी विद्यार्थ्यांना पुन्हा तीन-तीन घरांचा दिवस लिहून आणायला लावायचे, आणि वीज उपकेंद्रातून आलेला कागद केंद्राच्या भिंतीवर कार्यक्रमपत्रिकेच्या शेजारीच लावायचा. पुढच्या तिमाहीत दोन गावे दिवसाच्या विजेवर जाणार आहेत. त्यांचा कार्यक्रम सकाळी दहाला आणण्याचे ठरले आहे, आणि त्या वेळेच्या जाहिराती कोणत्या दुकानदाराला कोणत्या हंगामासाठी द्यायच्या याची यादी अजून तयार व्हायची आहे.